‘आता या वयात कशाला?’

तलावपाळी :
मागच्या श्रावणात कॅन्सरमुळे डावा स्तन काढला. केमो झाली, शेक (रेडिएशन) झाला, केसही परत आले. परवा फॉलोअपला प्लास्टिक सर्जननी पुनर्रचनेबद्दल, म्हणजे नवा स्तन घडवण्याबद्दल, पहिल्यांदाच नीट समजावलं. पोटावरची कातडी आणि चरबी रक्तवाहिनीसकट उचलायची, छातीवर बसवायची, बारीक शिरा मायक्रोस्कोपखाली जोडायच्या. स्नायू पोटातच राहतो. सहा-आठ तासांचं काम. दुसरा मार्ग इम्प्लांटचा, म्हणजे आत कृत्रिम स्तन बसवायचा, पण शेक घेतलेल्या कातडीखाली ते आवळून कडक होण्याचा धोका जास्त.

घरी येऊन हे सांगितलं. सासूबाईंनी कणीक मळता मळता मान वर न करताच विचारलं, "जीव वाचला ना? आता या वयात कशाला?" नवरा गप्प. मी ४७ची आहे.

माझं म्हणणं, हा प्रश्न मला विचारायचा कुणालाच अधिकार नाही. आणि पहिल्या ऑपरेशनच्या वेळीच हे करता येऊ शकतं, हे तेव्हा का नाही सांगितलं? "आधी गाठ काढू, बाकीचं नंतर बघू", एवढंच ऐकलं होतं.

सानपाड्याची शेजारीण :
सासूबाईंचा सूर चुकला, प्रश्न नाही चुकला. मला आधी विचारलं होतं, मी नको म्हटलं. पाच वर्षं सपाट आहे. जखमेतलं पाणी नळीने साठतं तो ड्रेनचा डबा गाऊनला सेफ्टीपिनने अडकवून दहा दिवस घरात फिरले, ते पुन्हा नको होतं. शिवाय नव्या स्तनाला बहुतेकींना स्पर्श नीट कळत नाही. मग तो कुणासाठी? बघणाऱ्यासाठीच ना?

बाकी सोय होते. ब्रात ठेवायच्या सिलिकॉनच्या पॅडखाली मे महिन्यात घामोळं यायचं, म्हणून बहिणीने सुती दोऱ्याचं विणून दिलं, आत कापूस. हलकं आहे, पण म्हणूनच सरकतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये एकदा कोपरखैरण्याला असा रेटा आला की उतरले तेव्हा ते गळ्यापाशी होतं. ओढणी होती म्हणून निभावलं.

तलावपाळी :
ओढणीचं वाचून एकटीच हसले. पण ‘बघणाऱ्यासाठी’ हे नाही पटलं. साबण लावताना हात तिथे येऊन थांबतो, तेव्हा न्हाणीघरात माझ्याशिवाय कोणी नसतं.

घोडबंदरकर :
बायकोचा अनुभव लिहितो, तिला विचारून. इम्प्लांट बसवलं, नंतर शेक घ्यावा लागला. वर्षभरात एक बाजू दगडासारखी, वर ओढली गेलेली. परत ऑपरेशन. इम्प्लांट जन्मभराचं नसतं हे आम्हाला सांगितलं होतं, पण तेव्हा कानात शिरलं नाही. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमुळे क्वचित वेगळाच लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) होतो, म्हणून २०१९ मध्ये त्यातला एक प्रकार जगभरातून परत मागवला गेला. हे सगळं वाचल्यावर माझं मत ‘थांबा’ असं झालं. आणि खर्च! विमावाले ‘कॉस्मेटिक’ म्हणून हात वर करतात.

फाईलवाली :
थांबा, हे शेवटचं चुकीचं आहे. वाशीत क्लेमच्या फायली बघते. कॉस्मेटिक सर्जरी वगळणारं जे कलम असतं, त्यातच अपघात, भाजणं आणि कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेचा अपवाद लिहिलेला असतो. विमा नियामकाने ही भाषा २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली. सर्जनच्या पत्रात ‘कॅन्सरनंतरची पुनर्रचना’ हे शब्द येऊ द्या. नाकारलं तर ते कलमच दाखवून भांडा. खरी अडचण वेगळीच. केमोतच विम्याची रक्कम संपलेली असते.

रात्रपाळी :
मी नर्स आहे, खारघर भागात. आधी न सांगण्यामागे दर वेळी बेफिकिरी नसते. शेक लागणार असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात. जखम चिघळली तर केमो लांबणीवर पडते. आणि ज्या टेबलावर आठ तास हे चालतं, तिथे तेवढ्या वेळात दोन-तीन बायकांच्या गाठी निघतात. बाहेर बाकावर बसलेल्या त्या बायका मी बघते. मला विचाराल तर आधी त्या.

तलावपाळी :
ताई, रांगेत मी मागे उभी राहीन. पण रांग आहे हे तरी कळायला हवं होतं ना? थांबायला सांगणं वेगळं आणि न सांगणं वेगळं.

रात्रपाळी :
हं. हे मान्य. पण ज्या दिवशी ‘कॅन्सर’ ऐकलं, त्या दिवशी पोटाची चरबी, शिरा हे सगळं ऐकून घेतलं असतंत?

तलावपाळी :
त्या दिवशी नसतं घेतलं. ऑपरेशनला मध्ये अकरा दिवस होते.

घोडबंदरकर :
मग पोटाचंच करणार का? कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहतो, तोही विचारात घ्या.

तलावपाळी :
अजून ठरलं नाही. दुसरं मत घ्यायला खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकला जाणार आहे. मधुमेह आहे, तोही आटोक्यात हवा म्हणे. सासूबाई अजून ‘कशाला’वरच आहेत.

सानपाड्याची शेजारीण :
तोवर विणलेलं हवं तर साईज कळव, बहीण रिकामीच आहे. या वेळी मागे हुक लावायला सांगते.