शाकाहारी स्वयंपाकाचं तुमचं हक्काचं पुस्तक कोणतं? (अनुभव धागा, खास नाशिककरांसाठी)

नमस्कार मंडळी. कांदेनवमी जवळ आली की आमच्या सोसायटीत पाकपुस्तकांची देवाणघेवाण सुरू होते. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद म्हटल्यावर रोज करायचं काय, हा प्रश्न घरोघरी असतो. म्हणून हा धागा. व्हिडिओ बघून करणाऱ्यांशी भांडण नाही, मीही बघते. पण इथे छापील पुस्तकंच सांगा. पूर्ण शाकाहारी, नाहीतर शाकाहारी भाग दणकट असलेली. अट एकच, त्यातलं काहीतरी तुम्ही करून खाल्लेलं असावं. 'छान आहे, संग्रही ठेवा' एवढंच लिहू नका. पुस्तक कुठे कमी पडतं तेही येऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून. यमुना देवी यांचं 'लॉर्ड कृष्णाज क्विझीन'. लेखिका अमेरिकन, इस्कॉनच्या प्रभुपादांच्या शिष्या, पुस्तक १९८७ चं. अख्ख्या ठोकळ्यात कांदा-लसूण औषधालाही नाही. हिंग, आलं, जिरं, कोथिंबीर यांच्यावर सगळा डोलारा. लासलगावच्या एवढ्या जवळ राहून मी कांद्याशिवाय रस्सा करायला एका अमेरिकन बाईकडून शिकले, यावर सासूबाई अजून हसतात. यातलं छेना-पनीरचं प्रकरण मला सगळ्यात उपयोगी पडलं. दूध फाटल्यावर पाणी पिवळसर हिरवं आणि नितळ दिसलं पाहिजे. दुधाळ दिसलं तर थोडा लिंबाचा रस आणखी. हे एकदा डोळ्यांत बसलं की मोजमाप बघावं लागत नाही. उणी बाजू म्हणजे वजन. ओट्यावर उघडं ठेवलं तर पोळपाटाला जागा उरत नाही.

ओझरवाली

माझं माहेर ओझरच्या एचएएल टाउनशिपमधलं. विमानांच्या कारखान्यामुळे शेजारीपाजारी सगळा भारत. आमच्या वरच्या मजल्यावर तमिळ मामी राहायच्या. त्यांच्याकडे एस. मीनाक्षी अम्माळ यांचं 'समैत्तुप् पार' होतं. म्हणजे मूळ तमिळ, १९५१ चं. मला तमिळ येत नाही, माझ्याकडे त्याचं इंग्रजी भाषांतर आहे. नव्याने संसाराला लागणाऱ्या मुलींसाठी लिहिलेलं, त्यामुळे काही गृहीत धरलेलं नाही. मूळ पुस्तकात मापं जुनी तमिळ होती, भाषांतराची प्रत घेताना ग्रॅम-लिटरमधली बघून घ्या.

त्यातून शिकलेलं रसम सांगते. चिंचेचा कोळ, मीठ, हळद, रसम पावडर आणि टोमॅटो एकत्र उकळायचं, चिंचेचा कच्चा वास जाईपर्यंत. मग तुरीच्या शिजलेल्या डाळीचं पातळ पाणी ओतायचं आणि तिथून पुढे पातेल्यासमोरून हलायचं नाही. कडेने फेस चढायला लागतो, मधे जमतो, वर येतो. आला की गॅस बंद. खळखळून उकळू दिलं की चव जाते. वरून तुपातली मोहरी, मिरी-जिऱ्याची भरड, कढीपत्ता. आमच्याकडे याला 'मामींची आमटी' म्हणतात आणि थंडीत भातापेक्षा कपातून जास्त संपते.

सिडकोचा एकटा

अंबडला नोकरी, खोलीवर दोन बर्नरची शेगडी, मेसला कंटाळून स्वयंपाक सुरू केला. माझं पुस्तक अर्थात 'रुचिरा', कमलाबाई ओगले. १९७० मध्ये आलेलं पुस्तक २०१८ मध्ये माझ्यासारख्या कोऱ्या माणसाला वरण-भातापासून सुरळीच्या वडीपर्यंत नेतं, याचं श्रेय वाटी-चमच्याच्या मापाला. माझ्याकडे वजनकाटा नव्हता आणि लागलाही नाही. 'वाटी कुठली?' असं सगळे विचारतात. अहो, कुठलीही. पदार्थ संपेपर्यंत तीच ठेवा, म्हणजे झालं. पीठ एका वाटीने आणि ताक दुसऱ्या वाटीने घेतलं तर कमलाबाई काय करणार?

सुरळीची वडी करणाऱ्यांना एक सांगतो. पीठ शिजलं की नाही हे ताटलीच्या पाठीवर थोडंसं पसरून बघा. गार झाल्यावर सुटून आलं तर शिजलं. चिकटून बसलं तर परत गॅसवर.

कारंज्यावरची आजी

रविवार कारंजावर राहते, वय विचारू नका. सिडकोच्या पोरा, शाब्बास! माझ्याही 'रुचिरा'ची पानं सुटली आहेत, दोऱ्याने बांधून ठेवलंय. पण मी पुस्तकांच्या कडेला पेन्सिलीने लिहिते आणि सुनांना सांगते, छापलेलं नंतर वाचा, कडेचं आधी.

उदाहरणार्थ अनारसे. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत कपड्यावर कोरडे करा, पण अगदी खडखडीत नको. दमट असतानाच कुटा, चाळा, गूळ घालून मळा, गोळा डब्यात मुरू द्या. हे कुठेही मिळेल. खरी गोष्ट तुपात सोडल्यावर कळते. खसखशीची बाजू वर, आच मंद, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. अनारसा तुपात हसला, म्हणजे फुटून पसरला, तर घाबरू नका, बाकीच्या गोळ्यात तांदळाची थोडी कोरडी पिठी मळा. उलट जाळी न पडता दगड झाला तर गोळा कोरडा आहे. दुधाचा हात लावा किंवा पिकलं केळं चिमूटभर कुस्करून घाला. पहिला नेहमी एकटाच सोडा. तो कसा निघतो ते बघून पुढचे. माझ्या पुस्तकात या पानावर इतकं लिहिलंय की कृती दिसत नाही.

गंगापूर रोड, मुलांची आई

मी तरला दलाल पक्षाची. 'द प्लेझर्स ऑफ व्हेजिटेरियन कुकिंग', १९७४. बाईंनी १९६६ पासून मुंबईत घरी वर्ग घेतले होते, त्यामुळे शिकवण्याची सवय पानापानात दिसते. आमच्या आयांना व्हाइट सॉस आणि बेक्ड डिश ही भानगड त्यांनीच घरात आणून दिली. आजच्या जिभेला त्यातलं चीज-मैद्याचं प्रकरण जड वाटतं, हे मान्य. पण वाढदिवसाला वीस पोरं आली की माझी बेक्ड भाजीच आधी संपते.

जळगावहून नाशकात

मंडळी, माफ करा, पण आमचं काय? कळण्याची भाकरी, शेवभाजी, वांग्याचं भरीत, फौजदारी डाळ. जाड पुस्तकं उघडली की पुरणपोळीचे चार प्रकार आणि खानदेशाला अर्धं पान. भरीत म्हटलं की कुठल्याही वांग्याचं भरीत लिहितात. हिरवं, पांढुरक्या रेषांचं, बियांना कमी असलेलं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजायचं असतं, हे कुणी लिहायचं? माझं पुस्तक म्हणजे मावशीची दोनशे पानी वही. छापील नाही, तरी धाग्यात घ्या.

*(धागाकर्ती: घेतली. कळण्याचं प्रमाणही टाका.)*

ज्वारी चार भाग, अख्खे काळे उडीद एक भाग, मीठ दळतानाच. मावशी उडीद थोडे जास्त घेते. थापायला घट्ट लागते, सोबत ठेचा आणि कच्चा कांदा. कांदेनवमीच्या आधी खाऊन घ्या.

दिंडोरी रस्ता, शेतकरी

स्वयंपाक बायको करते, पुस्तक मी वाचतो. आम्ही द्राक्षाबरोबर थोडी झुकिनी, ब्रोकोली लावतो. हॉटेलवाले घेतील तेवढी घेतात, उरलेली घरात येते आणि पोरं नाकं मुरडतात. डेबोरा मॅडिसन यांचं 'व्हेजिटेबल लिटरसी' (२०१३) भाचीने पाठवलं. यात भाज्या वनस्पतींच्या कुळांप्रमाणे लावल्या आहेत. गाजर, कोथिंबीर, जिरं, ओवा, बडीशेप एका कुळातले. टोमॅटो, वांगं, बटाटा, मिरची दुसऱ्या. फेरपालट करताना आम्ही हेच बघतो, टोमॅटोच्या जागी लगेच वांगं लावत नाही. पण रानात न जमणारी भावकी भांड्यात जमते, हे या बाईंनी दाखवलं. गाजराला ओव्याची फोडणी देऊन बघा. झुकिनीचं मात्र शेवटी आम्ही दुधीसारखं थालीपीठच केलं. पाणी फार सुटतं, किसून मीठ लावा आणि पिळून घ्या. पुस्तक महाग आहे, नुसत्या पाककृती हव्या असतील तर घेऊ नका.

जुन्या पुस्तकांचा किडा

खायला नाही, वाचायला: रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र', १८७५. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी. करून बघायचं तर मापांचा हिशेब आधी मांडा. सरकारी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, पण त्या काळी शेर गावोगाव बदलायचा. म्हणून मी वजन सोडतो आणि गुणोत्तर घेतो.

आणि विकत घेण्याआधी पुस्तक हाताळून बघायचं असेल तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० पासून आहे, एवढ्यात कुठे जात नाही. पाकशास्त्राच्या पुस्तकांवर हळदीचे डाग शोधा. ज्या पानावर डाग जास्त, ती कृती चालते.

इंदिरानगर

भाचा इंजिनिअरिंगला पुण्याला चाललाय, खोली घेऊन राहणार. वरच्यांपैकी कोणतं देऊ?

सिडकोचा एकटा

रुचिरा. डोळे मिटून.

कारंज्यावरची आजी

पुस्तक दिवाळीला. आत्ता तीन लिटरचा कुकर द्या, आणि डाळीत पाणी किती ते फोनवर सांगा.