सगळ्या गवळ्यांचा मोबाईल नंबर एकच: २१४७४८३६४७

दूध संस्थेचा कारकून, खानापूर रोड
नमस्कार मंडळी. बेळगावहून खानापूरला जाताना आमची छोटी दूध संस्था आहे. भाच्यानं कॉम्प्युटरवर खातेवही करून दिली. रजिस्टरातले २१२ मोबाईल नंबर मी चार रात्री बसून भरले. काल बिलाचे मेसेज पाठवायला उघडतोय तर सगळ्यांपुढं एकच नंबर. चेअरमनपासून शेरभर दूध घालणाऱ्या म्हातारीपर्यंत, २१४७४८३६४७! भाचा बेंगळूरला, फोन उचलंना.

पण विचारायचंय वेगळंच. शेजारची पोरगी कन्नड माध्यमात नववीला आहे. ती बघून म्हणाली, "मामा, हे अविभाज्य हाय." आम्ही शाळेत मूळ संख्या म्हणायचो तेच. खरं काय? आणि दहा आकडी संख्या हातानं तपासायची तर जन्म जाईल की!

उद्यमबागवाला
भाच्यानं मोबाईलला आकड्याचा रकाना दिलाय, मजकुराचा द्यायचा होता. त्या रकान्यात ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ मावणारी ३२ घरं. एक चिन्हाला गेलं, उरली ३१. त्यात मावणारी मोठ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ती हीच. आपले मोबाईल ६ ते ९ नं सुरू होतात, म्हणजे सगळेच हिच्यापेक्षा मोठे. काही डेटाबेस अशा वेळी तक्रार न करता मावेल तेवढं लिहून मोकळे होतात. नंबर परत भरा. रजिस्टर रद्दीत घातलं नाही ना?

रिटायर मास्तर, निपाणी
पोरगी बरोबर आहे. १७७२ मध्ये ऑयलर या गणितज्ञानं हे सिद्ध केलं, तेही दृष्टी जवळजवळ गेलेली असताना.

वर्गमूळ ४६३४० च्या जरा पुढं, म्हणून भाजक तिथपर्यंतच शोधायचा. तरी हजारो मूळ संख्या होतात. आता गंमत बघा. समजा 'भ' या मूळ संख्येनं भाग गेला. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला भ नं भागून बाकी १. ३१ स्वतः मूळ, त्यामुळं त्याआधी कुठल्याच घाताला बाकी १ येत नाही. पण फर्मा या गणितज्ञाचा नियम सांगतो, भ वजा १ व्या घाताला बाकी १ येतेच. मग भ वजा १ ला ३१ नं भाग जायलाच हवा. शिवाय ३२ व्या घाताची बाकी २, आणि ३२ सम, म्हणजे एका वर्गसंख्येला भ नं भागून बाकी २ उरली. ते जमायला भ ला ८ नं भागून १ किंवा ७ च उरावे लागतात.

दोन्ही अटी जोडा: भाजक २४८ च्या पटीपेक्षा १ नं किंवा ६३ नं जास्त. ४६३४० पर्यंत अशा ३७३ च, त्यातल्याही मूळ तेवढ्या घ्यायच्या. ६३ बाद, २४९ ला ३ नं भाग जातो. पहिली ३११.

उद्यमबागवाला
मास्तर, २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या ४ कोटी १० लाख अंकांची आहे, ही काय घेऊन बसलात!

रिटायर मास्तर, निपाणी
तिला मशीन लागतं. हिला वही पुरते.

दूध संस्थेचा कारकून, खानापूर रोड
रजिस्टर आहे, चहा सांडलाय पण वाचता येतंय. ३११ नं भागलं, बाकी ३५. मग ४९७ घेणार होतो, पोरगीनं अडवलं, "मामा, ७ नं जातंय की." मधल्या सगळ्या अशाच गळाल्या. १३०३ नं बाकी २२६. आता १४८९ घेतो, संध्याकाळचं दूध यायला अजून दीड तास आहे.