परदेशी स्थायिक झालेल्या चिनी लेखकांच्या कादंबऱ्या: पुस्तकभिशीसाठी सहा पुस्तकं सुचवा

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशकात आमची नऊ जणींची पुस्तकभिशी आहे. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं आणि सगळ्यांनी वाचून आलेल्या एकाच पुस्तकावर बोलायचं.

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे टोरांटोला होते. तिथल्या लायब्ररीतून यीयुन ली यांचा 'अ थाउजंड इयर्स ऑफ गुड प्रेयर्स' हा कथासंग्रह आणला होता. शीर्षककथेत चीनमधले एक निवृत्त गृहस्थ अमेरिकेत घटस्फोट झालेल्या मुलीकडे येतात. ते रोज निगुतीने स्वयंपाक करून वाट बघतात. मुलगी येते, दोन घास खाते आणि गप्पच बसते. तीच मुलगी फोनवर इंग्रजीत भराभर बोलते, मोठ्याने हसते. वडिलांनी तिचा तसा आवाज कधी ऐकलेलाच नसतो. बागेत त्यांना एक इराणी बाई भेटतात. हे चिनीत बोलतात, त्या फारसीत, मध्ये इंग्रजीचे चार शब्द, आणि तरी दोघांचं जमतं. पुढे मुलगी जे सांगते ते असं, की ज्या भाषेत आपण वाढलो तिच्यात मनातलं बोलायची सवयच घरात लागली नसेल, तर नव्या भाषेत बोलणं सोपं जातं.

पुस्तक मिटून मी बराच वेळ खिडकीपाशी बसून होते. लेक आत फोनवर बोलत होती.

आता असं आणखी वाचायचंय आणि मैत्रिणींनाही वाचायला द्यायचंय. सहा महिने, सहा पुस्तकं. दोन अडचणी आहेत. आमच्यातल्या चौघी इंग्रजी सावकाश वाचतात. आणि एमी टॅन यांचं 'जॉय लक क्लब' आमचं वाचून झालंय. आवडलं होतं, पण पुन्हा आई-मुलीचीच गोष्ट नको. काय सुचवाल?

शब्दवेल्हाळ

धागा वाचनखुणांत साठवला आहे. माझ्याकडून लिंग मा यांची 'सेव्हरन्स'. २०१८ ची आहे, म्हणजे कोविडच्या आधीची. चीनमधल्या शेन्झेनहून एक बुरशीजन्य ताप जगभर पसरतो. ताप आलेली माणसं मरेपर्यंत सवयीची कामं पुन्हा पुन्हा करत राहतात. जेवणाचं टेबल मांडायचं, आवरायचं, परत मांडायचं. नायिका न्यूयॉर्कच्या प्रकाशन कंपनीत बायबलच्या छपाईचं काम बघते आणि शहर रिकामं झालं तरी ऑफिसला जातच राहते. आई-वडील गेलेले, चीनमधलं जन्मगाव फूचौ फक्त आठवणीत. भीतीची कादंबरी म्हणून वाचायला घेतली होती, घर सुटलेल्या मुलीची कादंबरी वाचून उठलो.

हळू वाचणारा

ताई, तुमच्या चौघींसाठी हा जिन यांच्यापासून सुरुवात करा. मीही इंग्रजी उशिरा शिकलो, म्हणून खात्रीने सांगतो.

हा जिन यांचा जन्म १९५६ चा, लिआओनिंग प्रांतातला. चौदाव्या वर्षी सैन्यात गेले. पुढे रेल्वेत तारखात्याचं काम करताना रेडिओवरच्या पाठांतून इंग्रजी शिकायला लागले. १९८५ मध्ये शिकायला अमेरिकेत गेले, परत यायचं ठरलेलं होतं. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातल्या विद्यार्थ्यांच्या आंदोलनावर लष्कराने गोळ्या चालवल्या, ते पाहिल्यावर परतायचं नाही आणि इंग्रजीतच लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. विचार करा, तिशी ओलांडल्यावर भाषा बदलायची. त्यांची वाक्यं छोटी, स्वच्छ असतात, शब्दकोश क्वचितच लागतो. हा साधेपणा कमावलेला आहे. एकेका शब्दासाठी दाम मोजल्यासारखं ते लिहितात.

'वेटिंग' (१९९९) घ्या. लिन काँग हा लष्करी डॉक्टर दर उन्हाळ्यात गावी जातो तो बायकोला घटस्फोट द्यायला. घरच्यांनी लावून दिलेलं लग्न, बायको शूयू जुन्या वळणाची, जुन्या चिनी रीतीप्रमाणे लहानपणीच पाय आवळून बांधून छोटे केलेली. शहरातल्या इस्पितळात परिचारिका मान्ना वाट बघतेय. शूयू दरवर्षी हो म्हणते आणि कोर्टात उभी राहिली की नाही म्हणते. अठरा वर्षं वेगळं राहिल्यावर बायकोच्या संमतीविना घटस्फोट मिळतो असा नियम असतो, म्हणून अठरा वर्षं वाट बघायची. पुढे काय होतं ते सांगत नाही. अमेरिकेचं 'नॅशनल बुक अवॉर्ड' मिळालेली कादंबरी आहे.

यात परदेश कुठेच नाही, सगळी गोष्ट चीनमध्येच घडते. परदेशातलं आयुष्य हवं असेल तर त्यांचीच 'अ फ्री लाइफ' (२००७). नान वू कवी व्हायचं मनात धरून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात छोटं रेस्टॉरंट चालवतो. घराचे हप्ते, कढई, मुलाची शाळा, आणि रात्री उरलेल्या वेळात कविता. शेवटी नानच्या कविताही छापल्या आहेत. जाडजूड आणि संथ आहे. मला संथपणाचा त्रास झाला नाही, काहींना होतो.

रबराच्या मळ्यातून

इथे चिनी डायस्पोरा, म्हणजे देशाबाहेर पांगलेले चिनी, म्हटलं की सगळे अमेरिकेतच का जातात? मी अकरा वर्षं क्वालालंपूरमध्ये आहे. चिनी माणूस सर्वात आधी आणि सर्वात जास्त इकडे आला, दक्षिण समुद्रात. त्याला ते 'नानयांग' म्हणतात. कथिलाच्या खाणी, रबराचे मळे, बंदरं. माझ्या शेजारच्या आजींना होक्किएन, कँटोनीज, मलय आणि बाजारापुरती तमिळ येते, चीन मात्र त्यांनी पाहिलेला नाही. अशा माणसाचं साहित्य वेगळंच असणार.

पहिलं नाव तान ट्वान एंग. जन्म पेनांगचा. 'द गार्डन ऑफ इव्हनिंग मिस्ट्स' (२०१२) तुमच्या भिशीसाठी अगदी योग्य आहे. यून लिंग या निवृत्त न्यायाधीश, एका आजाराने भाषा आणि स्मृती दोन्ही हातातून निसटत चाललेल्या. तरुणपणी त्या जपानी युद्धछावणीतून जिवंत सुटल्या, बहीण सुटली नाही. बहिणीला जपानी बागा प्रिय होत्या. तिच्या आठवणीसाठी बाग करायची म्हणून त्या मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्स या डोंगराळ भागात राहणाऱ्या, सम्राटाचा माळी राहिलेल्या आरितोमोकडे जातात आणि त्याच्या हाताखाली दगड उचलायला शिकतात. ज्यांच्या देशाने आपलं सर्वस्व नेलं, त्यांच्यातल्याच एकाकडून शिकायचं. दूरचा डोंगर आपल्या बागेचाच भाग वाटावा अशी रचना करतात, त्याला 'शाक्केई' म्हणतात, उसनं घेतलेलं दृश्य. कादंबरीभर ही कल्पना मुरत जाते. इंग्रजी थोडं अलंकृत आहे, पण ओघवतं आहे.

दुसरं नाव टॅश ऑ. जन्म तैपेईचा, बालपण क्वालालंपूरचं. 'वी, द सर्व्हायव्हर्स' (२०१९) जरूर वाचा. मासेमारीच्या गावात वाढलेला आ हॉक बांगलादेशी मजुराच्या खुनाची शिक्षा भोगून आलेला असतो आणि एका संशोधक मुलीला स्वतःची कहाणी सांगतो. परदेशी गेलेल्यांच्या गोष्टीत सोसणारा नेहमी 'आपला' असतो. इथे जुन्या स्थलांतरिताचा नातू नव्या स्थलांतरिताला मारतो. इकडच्या बांधकामांवर मी बांगलादेशी पोरं रोज बघतो, त्यामुळे हे पुस्तक माझ्या मनातून जात नाही.

अनुस्वार

सगळ्यांनी इंग्रजीत लिहिणारेच सांगितले. परदेशी जाऊन चिनीतच लिहीत राहिलेले कुणी नाहीत का? मला तीच माणसं जास्त जवळची वाटतील.

रबराच्या मळ्यातून

@अनुस्वार, आहेत, आणि मोलाचे आहेत. मलेशियात चिनी भाषेतल्या साहित्याची स्वतंत्र परंपरा आहे, 'माहुआ' म्हणतात. एन्ग किम च्यू हे १९६७ साली जोहोरमध्ये जन्मले, तैवानला शिकायला गेले आणि तिथेच राहिले. त्यांच्या कथांत रबराच्या मळ्यातला पाऊस, चिखल आणि हरवलेली माणसं सतत येतात. 'स्लो बोट टू चायना' नावाने इंग्रजीत निवडक कथा आहेत, अनुवाद कार्लोस रोहास यांचा. कथा अवघड आहेत, भिशीसाठी नको, पण तुम्ही वाचाच.

आणि गाओ शिंगजियान. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे लेखक-कलावंतांचा छळ झाला त्या काळात, भीतीपोटी स्वतःची हस्तलिखितं जाळावी लागलेला माणूस. १९८३ मध्ये फुफ्फुसाचा कर्करोग असल्याचं चुकीचं निदान झालं. मरण टळलंय हे कळल्यावर यांगत्से नदीच्या प्रदेशात भटकायला निघाले, त्यातून 'सोल माउंटन' आली. १९८७ मध्ये देश सोडला, पॅरिसला स्थायिक झाले, २००० साली नोबेल मिळालं. कादंबरीत एकच माणूस कधी 'मी' असतो, कधी 'तू'. रोज दहा पानं, त्याहून जास्त नको.

माझगावकर

माझं बालपण माझगावात गेलं. तिथे एक चिनी देऊळ आहे, बाहेरून साध्या घरासारखं. लहानपणी चिनी नववर्षाला आम्ही पोरं लाल कंदील बघायला जायचो. तेव्हा ही माणसं इथे कशी आली हे विचारायचं सुचलं नाही.

ते विचारायला लावलं आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल'ने (२०२२). लेखिकेचा जन्म ग्वांगचौचा, चौथ्या वर्षी अमेरिकेत. गोष्ट १८३० च्या दशकातल्या ऑक्सफर्डची. चीनमधल्या कँटनहून उचलून आणलेला रॉबिन, कलकत्त्याचा रमी, आणि अनुवादाच्या जादूवर चालणारं साम्राज्य. दोन भाषांतल्या शब्दांत जो अर्थ निसटतो, त्यातून शक्ती निर्माण होते, ही कल्पना भाषाप्रेमी माणसाला वेड लावते. गोष्ट अखेर ब्रिटन आणि चीनमधल्या अफूच्या युद्धापाशी पोचते. ती अफू कुठली? बंगालची आणि माळव्याची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं त्या जमशेटजी जीजीभाय यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा वाटा होता. म्हणजे ही गोष्ट आमच्या धक्क्यापर्यंत येते. उत्तरार्ध बोधाच्या भाराने जड झालाय असं माझं मत, तरीही वाचाच.

भारतातल्या चिन्यांबद्दल हवं असेल तर क्वाई-युन ली यांचा 'द पाम लीफ फॅन' शोधा. त्या कलकत्त्याच्या चिनी वस्तीत वाढल्या, नंतर टोरांटोला गेल्या. प्रत सहज मिळत नाही. ताई, लेकीला तिथल्या लायब्ररीत बघायला सांगा. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याच देशातले सुमारे तीन हजार चिनी वंशाचे लोक राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबले गेले. कित्येकांना चिनी बोलताही येत नव्हतं. शाळेत हे कुणी सांगितलं नाही याचा मला अजून राग येतो.

शब्दवेल्हाळ

@माझगावकर, फार मोलाचा प्रतिसाद. यावर स्वतंत्र धागा काढा.

स्वरलिपी

मी गाणं शिकवते, म्हणून एकच नाव. मॅडलिन थिएन, 'डू नॉट से वी हॅव नथिंग' (२०१६). लेखिका कॅनडाच्या, वडील मलेशियन चिनी, आई हाँगकाँगची. शांघायच्या संगीत महाविद्यालयातला संगीतकार स्पॅरो, व्हायोलिन वाजवणारी जूली, पियानोवादक काय. सांस्कृतिक क्रांतीत बाख या जर्मन संगीतकाराचं संगीत वाजवणं गुन्हा ठरतं आणि स्पॅरोची रवानगी कारखान्यात होते. एक वही कादंबरीभर हातांनी उतरवून घेतली जाते आणि उतरवणारा त्यात हरवलेल्या माणसांसाठी खुणा पेरत जातो. आपल्याकडे चिजा वहीत लपवून ठेवणारे उस्ताद आणि चोरून ऐकून त्या उतरवणारे शिष्य होते, ते सारखे आठवत होते. लांब आहे, नावांचा गोंधळ होतो. मी पहिल्या पानावर पेन्सिलीने वंशवृक्ष काढला, मग सोपं गेलं.

गोदाकाठ (धागाकर्ती)

केवढं दिलंत सगळ्यांनी! दोन दिवस वहीत उतरवून घेतेय. एक विचारते: अगदी छोटं, एका बैठकीत मोठ्याने वाचता येईल असं काही? आमच्यातल्या एकींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यांना वाचून दाखवायचंय.

हळू वाचणारा

केन लिऊ यांची 'द पेपर मिनॅजरी'. पंधरा-वीस पानांची कथा. ह्युगो, नेब्युला आणि वर्ल्ड फँटसी हे विज्ञानकथा-अद्भुतकथांचे तिन्ही पुरस्कार मिळवणारी पहिली कथा. चिनी आई भेटवस्तूंच्या कागदाचे प्राणी करते, त्यात फुंकर घालते आणि ते जिवंत होतात. मुलगा मोठा होतो, आईची लाज वाटायला लागते, इंग्रजीत बोल म्हणून हटून बसतो. ती म्हणते, 'लव्ह' म्हटलं की ओठांत जाणवतं, 'आय' (प्रेमासाठीचा चिनी शब्द) म्हटलं की इथे, काळजापाशी. ती गेल्यावर छिंगमिंगच्या दिवशी, म्हणजे तिकडे पूर्वजांच्या कबरी झाडून त्यांची आठवण काढतात त्या दिवशी, कागदी वाघाच्या आत लिहिलेलं पत्र सापडतं. चिनीत असतं, त्याला वाचताच येत नाही.

तुम्ही आई-मुलीची गोष्ट नको म्हणालात, ही आई-मुलाची आहे. वाचताना शेवटच्या दोन पानांआधी पाणी पिऊन घ्या, आवाज दाटतो.

गोदाकाठ (धागाकर्ती)

उशिरा लिहितेय, क्षमस्व. क्रम असा ठरला: 'वेटिंग', 'इव्हनिंग मिस्ट्स', 'सेव्हरन्स', 'वी, द सर्व्हायव्हर्स', मग 'बेबल' आणि शेवटी थिएन. 'पेपर मिनॅजरी' आधीच वाचून दाखवली. डोळ्यांना पट्टी असल्याने त्यांना रडायची बंदी होती, म्हणून शेवट तीन दिवसांनी वाचला.

काल 'वेटिंग'वर बसलो. आठ जणी लिनवर आणि मान्नावर बोलत होत्या, दोन तास. आमच्यातल्या सर्वात मोठ्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्या गप्प होत्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "अठरा वर्षं तो वाट बघत होता म्हणता. आणि ती काय करत होती? तिने सासू-सासऱ्यांचं केलं, मुलगी वाढवली, शेत सांभाळलं. तिला एकदा तरी कुणी विचारलं का?" मग पुस्तक पुन्हा उघडून शूयू बोलते तेवढीच पानं आम्ही शोधली. फारशी नाहीत.

पुढची बैठक माझ्या घरी. 'इव्हनिंग मिस्ट्स'च्या चारच प्रती जमल्यात. नाशिक-पुण्यात कुणाकडे जादा प्रत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, महिन्यात परत पाठवते.