‘वीज कडाडली आणि लाइट गेली’ यात चूक काय?

मांजराकाठ (लातूर)
भाच्यानं पाचवीच्या निबंधात लिहिलं, ‘वीज कडाडली आणि लाइट गेली.’ बाईंनी ‘लाइट’वर लाल रेघ मारून वर ‘वीज’ लिहिलं. आता वाक्य झालं, ‘वीज कडाडली आणि वीज गेली.’ लेकरू मला विचारतंय, कोणती वीज गेली?

माझ्या मते त्याचंच वाक्य बरोबर होतं. आमच्याकडं वीज पडते आणि लाइट जाते. मृगाच्या पावसात ‘झाडाखाली थांबू नको’ म्हणून आई ओरडते ती विजेच्या भीतीनं. रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन विहिरीवर जातो ते लाइटीसाठी. दोन वेगळ्या गोष्टींना लोकांनी दोन शब्द ठेवले, त्यातला एक बाहेरचा म्हणून का खोडायचा?

पाटीपेन्सिल (अंबाजोगाई)
मीही शिकवते, आणि ती रेघ मीही मारली असती. हा शब्द काय काय गिळतो ते वर्गात दिसतं. दिवा लाव म्हणजे लाइट लाव. फिका निळा म्हणजे लाइट निळा. चहात साखर लाइट. मनावर घेऊ नको, लाइट घे. उजेड, दिवा, फिका, कमी, हलकं ही सगळी कामं एकट्यानं केल्यावर लेकरांच्या तोंडात बाकीचे शब्द उरणार कसे? इंग्रजीत एका शब्दाला दहा अर्थ चालतात, तो त्यांचा प्रश्न.

बालाघाट
ताई, एक दुरुस्ती. इंग्रजीतही हा एक शब्द नाही. उजेडाचा लाइट वेगळा आणि हलका लाइट वेगळा. उच्चार आणि स्पेलिंग झिजत झिजत सारखे झाले. उजेडवाला लॅटिन ‘लुक्स’च्या कुळातला, आणि आपला ‘रुच्’ धातू त्याच मुळाचा. ‘रुच्’चा पहिला अर्थ चमकणे, रुची, रोचक हे पुढचे. हलकेवाला थेट आपल्या ‘लघु’चा भाऊबंद. घोड्यावरून उतरणे हाही त्याचा एक अर्थ, कारण उतरलं की घोड्याचा भार हलका होतो. फुफ्फुसाचं इंग्रजी नाव ‘लंग’ही याच घरातलं, शरीरातला हलका अवयव म्हणून.

लातूरकरांना तर हा फरक रुळांवर भेटलेला आहे. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला पोचली. लहानपणी मला वाटायचं, दिव्यांची गाडी असेल. तो लाइट वजनाचा! अडीच फुटी रूळ, आणि एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं हिशोबच असा बांधला की एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ नये. मिरजेहून लातूरकडे येणारा हा मार्ग पुढं रुंद झाला आणि 2016 च्या एप्रिलात पाण्याची गाडी लातूरला आली.

पाटीपेन्सिल
ही माहिती मी उद्याच वर्गात सांगणार. पण यानं माझंच म्हणणं पक्कं होतं. ‘लघु’ घरात असताना त्याचा चुलत भाऊ बोलवायचा कशाला? आणि आकाशातली आणि तारेतली वीज एकच, हे विज्ञान मराठी शब्दातच आहे. इंग्रजीत दोघींची नावं वेगळी. लेकराच्या हातचं हे आयतं ज्ञान का घालवायचं?

रब्बी (परभणी)
विजेचं पटलं. तरी लाइट परकी नाही. छताला लटकतो तो लाइट आणि येते-जाते ती लाइट. ‘अंगणातला लाइट बंद कर’, पण ‘लाइट आली का?’ इंग्रजीत याला लिंगच नाही, इथं वीज बाई म्हणून लाइटही बाई झाली. शिवाय ‘लाइटीचं बिल’, ‘लाइटीचा खांब’. हे सामान्यरूप कुणी शिकवलं? या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाइट आहे. ‘रात्रीची वीज’ म्हटलं तर गडी आभाळाकडं बघेल.

पाटीपेन्सिल
‘लाइटीचं’ मलाही खोडवत नाही, हे खरं. त्या एका वाक्यात मी लाइट राहू देईन. चहातली साखर मात्र कमीच लिहायची.

मांजराकाठ
भाच्याला दाखवलं. तो म्हणाला, ‘मग बाईंनी कापलेला अर्धा मार्क?’ सोमवारी वही घेऊन मी स्वतः शाळेत जातोय.