माकडशिंगीचं वेगळं फूल: नवी प्रजाती म्हणायला काय लागतं?

माळरान_सोलापूर
सोलापूरजवळच्या एका मुरमाड माळावर माकडशिंगी (कॅरालुमा) फुललीय. पाकळ्या जांभळ्या नाहीत, पिवळट आहेत, आणि कडेचे केसही दिसत नाहीत. ही नवी प्रजाती असेल का? नमुना वाळवायला कागदांत दाबला की खोडाला बुरशी येते आणि फुलं गळतात, त्यावर उपाय काय?

परागपुंज
नुसत्या रंगावर आणि केसांवर जाऊ नका, या गटात दोन्ही फार बदलतात. ग्रेव्हली आणि मयूरनाथन या अभ्यासकांनी १९३१ मध्ये माकडशिंगीच्या एका प्रजातीचे, म्हणजे कॅरालुमा अ‍ॅडसेन्डेन्सचे अनेक उपप्रकार केले ते याच फरकांमुळे. त्यातल्या काहींना पुढे स्वतंत्र प्रजाती मानलं गेलं. म्हणून आधी या प्रजातीचं रॉक्सबर्गने १७९५ मध्ये दिलेलं मूळ वर्णन आणि चित्र काढा, मग हे उपप्रकार. वीसेक झाडांच्या फुलांची मापं घ्या. ताजं फूल उभं कापून मधला कोरोना (मुकुटासारखा भाग) आणि परागपुंज (परागकणांचे गठ्ठे) सूक्ष्मदर्शकाखाली बघा. फोटोत मिलिमीटरची पट्टी हवीच. खरा फरक असला तर तो तिथे, सगळ्या झाडांत, सारखा सापडतो.

हर्बेरियमवाली
मांसल खोड दाबल्यावरही आठवडेन् आठवडे जिवंत राहतं, म्हणून फुलं झडतात. खोड उभं चिरा, गर खरवडा, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा, मगच दाबा. पहिला आठवडा टिपकागद रोज बदला. फुलं मात्र उकळायची नाहीत: काही ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत घाला, बाटलीवर वाळलेला नमुना चिकटवलेल्या शीटचाच क्रमांक टाका. डीएनएसाठी उकळण्याआधीच हिरव्या सालीचा पातळ काप काढून दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) ठेवा. गर सोबत गेला तर सिलिका लगेच ओली होते आणि तुकडा सडतो.

माळरान_सोलापूर
ताई, कुंडीत जिवंत रोप ठेवलं तर ते होलोटाइप (नव्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना) म्हणून चालेल का?

हर्बेरियमवाली
नाही. होलोटाइप कायमचा जतन केलेला नमुनाच लागतो, आणि १९९० पासून तो कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवलाय हे लेखात लिहावंच लागतं. पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तुम्हाला जवळ. २०१२ पासून वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीतही चालतं. मराठी वर्णनावर नाव वैध होत नाही.

परागपुंज
आणखी एक. जागा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय काडीही तोडू नका. बाहेर असली तरी मुळासकट उपटू नका, फांदी पुरते. जीपीएस शीटवर लिहा, इथे टाकू नका. रोपं विकणारे अशा धाग्यांवर नजर ठेवून असतात.