मदत हवी आहे: जुन्या बिडाच्या पाइपलाइनचा कोणता भाग आधी बदलावा?

वितरणाची १५० मिमी बिडाची लाइन आहे. लांबी १,८०० मीटर, वय ५० च्या पुढे, शिशाचे सांधे. एक गळती काढली की थोड्या दिवसांत शेजारीच फुटते. टोकाला दाब जेमतेम ४ मीटर (पाण्याच्या उंचीत). निधी ६०० मीटरपुरताच आहे. निवड कशी करावी? पुरवठा २४ तास असतो.

प्रतिसाद १
वयावरून ठरवू नका, फुटीवरून ठरवा. प्रत्येक फूट नकाशावर मांडा आणि तिचा प्रकार लिहा. पाइपभोवती बांगडीसारखी चीर असेल तर खालची माती खचली आहे. लांबीत गेलेली चीर बहुधा दाबाची. बारीक छिद्रं गंजाची. गंजाचा पट्टा सापडला तर तोच आधी बदला.

पुढच्या दुरुस्तीत कापलेला तुकडा फेकू नका. बाहेरून धड दिसणारं बीड चाकूनं खरवडा. पेन्सिलीच्या शिशासारखी काळी, मऊ भुकटी निघाली तर लोखंड संपलंय, उरलंय ते ग्राफाइट. तिथे आतून सिमेंटचं अस्तर देऊन उपयोग नाही. भिंत टणक आणि आत नुसत्या गंजाच्या गाठी असतील तर मात्र खरवडून अस्तर द्या, टोकाचा दाबही सुधारेल.

शेजारी फुटण्याचं कारण बरेचदा दुरुस्तीनंतर चावी झटकन सोडणं हे असतं. लोखंडी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगाचं पाणी एकदम थांबलं तर १०० मीटरच्या आसपास जादा दाब उसळतो. लाइन हळू भरा, हवा बाहेर जाऊ द्या.

प्रतिसाद २
रात्री २ ते ४ मध्ये सुरुवातीच्या मीटरवर प्रवाह बघत टोकाकडून एकेक व्हॉल्व्ह बंद करत या. ज्या टप्प्याला नळजोडण्यांच्या मानानं प्रवाह जास्त घसरतो, तिथे गळती आहे.
एचडीपीई (प्लास्टिकचा पाइप) घेणार असाल तर १६० मिमी हा बाहेरचा व्यास असतो. पीई १०० (प्लास्टिकची प्रत), पीएन १० (१० बार दाबाचा) मध्ये आत सुमारे १४१ मिमीच मिळतात. जुन्या नळजोडण्याही नव्यानं करा, नाहीतर गळती तिथेच राहते.

धागाकर्ता
निम्मे व्हॉल्व्ह फिरतच नाहीत.

प्रतिसाद २
मग पहिला खर्च व्हॉल्व्हवर, पाइप नंतर. पान्याला नळी लावून जोर करू नका, स्पिंडल (व्हॉल्व्हचा फिरणारा दांडा) तुटतो. पाव फेरा पुढे, पाव मागे करत सोडवा आणि फेरे मोजा. १५० मिमीच्या स्लुइस व्हॉल्व्हला (आत पडदा वर-खाली होणाऱ्या) पूर्ण उघड-बंद करायला साधारण २० लागतात. १२ वरच अडला तर तो अर्धवट बंद आहे, आणि टोकाचा ४ मीटर दाब कदाचित त्याच्यामुळेच असेल.