नाणी वेगळी करणारे हातयंत्र आपल्या नाण्यांना का चालत नाही?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांच्या खोलीतील कपाट आवरताना एक पितळी डबा आणि लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या भरून सुटे पैसे निघाले. दूधवाला, भाजीवाली आणि रिक्षावाला यांच्याकडून परत आलेली मोड त्या रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर डब्यात टाकत असत आणि हा क्रम किमान वीस-पंचवीस वर्षे चालला असावा. काट्यावर ठेवले तेव्हा सगळे मिळून साडेआठ किलो भरले.

माझे दीर अमेरिकेत असतात. त्यांनी नाणी वेगळी करण्याचे हाताने चालवायचे छोटे यंत्र सोबत आणून दिले. त्याला वर पसरट वाटीसारखा भाग, बाजूला दांडी आणि खाली चार पारदर्शक नळ्या आहेत. दांडी फिरवली की नाणी कडेकडेने सरकत जाऊन आपापल्या नळीत पडावीत, अशी रचना आहे. प्रत्यक्षात पहिल्या नळीत दहा पैशांची दोन चिमुकली नाणी पडली, दुसऱ्या नळीत चार आणे आणि काही आठ आणे एकत्र पडले, तिसरीत नवे लहान रुपये गेले आणि चौथ्या नळीत आठ आणे, रुपया, दोन रुपये, पाच रुपये अशी खिचडी झाली. त्याहून मोठी नाणी आत शिरतच नाहीत. ती तोंडाशी आडवी बसतात आणि दांडी अडकते.

यंत्रात काही दोष आहे, की आपल्या नाण्यांसाठी निराळे यंत्र घ्यावे लागते? शिवाय जुन्या चार आण्यांचे काय करावे आणि बँक एवढी नाणी घेईल का, हेही कोणी अनुभवाने सांगितल्यास उपकार होतील.

जुना रोखपाल

ताई, आपले यंत्र बिघडलेले नाही. त्याला फक्त एकच गोष्ट कळते, ती म्हणजे नाण्याचा व्यास. नाणे कडेवरून घसरत जाते आणि ज्या पहिल्या भोकात मावते त्यात पडते. त्यावर काय छापले आहे याच्याशी यंत्राचा संबंध नसतो. त्यामुळे एका किमतीचे नाणे एकाच मापाचे असेल तरच त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे नेमकी ही अट पाळली गेलेली नाही. मी सहकारी बँकेत तेहतीस वर्षे रोखीवर बसलो असल्यामुळे ही मापे बोटांना पाठ आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०११ साली नव्या मालिकेची नाणी आली तेव्हा छोट्या किमतीचे प्रत्येक नाणे आकाराने एक पायरी खाली उतरले. त्याआधी पोलादी चार आणे १९ मिलिमीटरचे, आठ आणे २२ चे, रुपया २५ चा आणि दोन रुपये २६ किंवा २७ मिलिमीटरचे होते. २०११ पासून आठ आणे १९ चे झाले, रुपया २२ चा झाला आणि दोन रुपये २५ चे झाले. म्हणजे जुन्या आठ आण्यांच्या जागी नवा रुपया येऊन बसला आणि जुन्या रुपयाच्या जागी नवे दोन रुपये. पुढे २०१९ साली धान्याच्या कणसांची नक्षी असलेली मालिका आली आणि पुन्हा मापे हलली: रुपया २० मिलिमीटर, दोन रुपये २३, पाच रुपये २५, दहा आणि वीस रुपये २७. त्यापूर्वीचे पाचाचे नाणे, मग ते जाड असो, पोलादी असो की पिवळे, २३ मिलिमीटरचे होते. आता हिशेब करून पाहा. २५ मिलिमीटरच्या भोकातून जुना रुपया, मधल्या काळातले दोन रुपये आणि आजचे पाच रुपये अशी तीन किमतींची नाणी जातात. २३ मध्ये जुने पाच आणि नवे दोन. २७ मध्ये हाताच्या मुद्रेचे दोन रुपये, दहा आणि वीस. भारतीय नाण्यांसाठी म्हणून कोणी कितीही चांगले यंत्र बनवले, तरी या डब्यापुढे ते हात टेकणार.

कोणी सांगेल की मग वजनावर वेगळी करा. तेही जमत नाही. जुना २५ मिलिमीटरचा रुपया ४.८५ ग्रॅमचा आहे आणि २०११ च्या मालिकेतले दोन रुपयेही ४.८५ ग्रॅमचेच आहेत. जुने आठ आणे आणि २०११ चा रुपया हे दोन्ही ३.७९ ग्रॅमचे. मी नोकरीत असताना शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या काट्यावर ठेवून मोजत असू. एका सकाळी रुपयांच्या म्हणून आलेल्या पिशवीचे वजन ४८५ ग्रॅम बरोबर भरले, मी पावती दिली आणि दुपारी पिशवी फुटली तेव्हा आत निम्मी नाणी दोन रुपयांची निघाली. खातेदार प्रामाणिक होता, त्याचेच नुकसान होणार होते. त्या दिवसापासून मी मिश्र मालिकांच्या पिशव्या काट्यावर घेणे बंद केले.

मार्ग मात्र सोपा आहे. यंत्राने किंवा चाळणीने आधी आकाराप्रमाणे ढीग करावेत आणि मग प्रत्येक ढिगात डोळ्यांनी रुपयाचे चिन्ह शोधावे. हे चिन्ह २०११ पासून नाण्यांवर आले. त्यामुळे २५ मिलिमीटरच्या पांढऱ्या ढिगात ज्यावर चिन्ह आहे ते दोन रुपये आणि ज्यावर नाही तो रुपया. २२ च्या ढिगात चिन्ह असलेला रुपया आणि नसलेले आठ आणे. २३ च्या ढिगात पिवळी नाणी सगळी पाचाची. पांढऱ्यांपैकी ज्यावर चिन्ह आहे ती दोनाची, बाकीची पाचाची. नाण्यावरचा आकडा झिजला असला तरी चिन्ह आहे की नाही एवढे पाहायला चष्मा लागत नाही. २७ च्या ढिगात दहा आणि वीस दोन धातूंचे असल्यामुळे लगेच ओळखू येतात, आणि वीसाच्या नाण्याला बारा कडा असतात.

बँकेविषयी. रिझर्व्ह बँकेची सूचना स्पष्ट आहे: कोणत्याही शाखेने नाणी नाकारू नयेत आणि खात्यात भरायच्या नाण्यांवर मर्यादा नाही. शंभर-शंभर नाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या करून नेल्यास रोखपालाला आणि आपल्याला दोघांनाही सोयीचे पडते. कायद्यातली एक हजार रुपयांची मर्यादा व्यवहारात देणी चुकवण्यासंबंधी आहे, ती खात्यात भरण्याला लागू नाही. तरीही महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, निवृत्तिवेतनाच्या गर्दीत, साडेआठ किलो घेऊन जाऊ नये; नियम आपल्या बाजूने असला तरी खिडकीपलीकडे माणूसच बसलेला असतो. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, ती आता कोणी बदलून देणार नाही. आठ आणे अजून कायदेशीर चलन आहे, वाणी घेत नसला तरी.

वाणसामान

रोखपाल साहेबांचे म्हणणे मान्य, परंतु आठ आण्यांवरून आम्हाला बोल लावू नये. आम्ही घेतले तरी पुढचे गिऱ्हाईक आमच्याकडून घेत नाही. बाकी नाणी बँकेत नेण्याआधी जवळच्या दुकानात विचारून पाहावे, असे मी सुचवेन. मोबाइलवरून पैसे देणे वाढले तरी सकाळच्या दूध-पावाच्या वेळी दोन आणि पाचाची चणचण आजही असते. मोजून, पिशवीवर आकडा लिहून आणले तर आम्ही लगेच नोटा देतो. दहाच्या नाण्यांबद्दल मात्र अजून लोक कुरकुरतात. चौदा वेगवेगळ्या छापांची दहाची नाणी चलनात असून ती सर्व वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केले आहे. तरी नाण्यावर छापलेली किरणे दहा हवीत की पंधरा, हा वाद गल्ल्यासमोर महिन्यातून एकदा होतोच.

न्यूजर्सीकर

आपल्या दिरांनी आणलेले यंत्र कोणत्या मापांवर बेतलेले आहे, हे सांगितले की आपल्या नळ्यांचे कोडे सुटेल. इथल्या चार नेहमीच्या नाण्यांचे व्यास असे आहेत: दहा सेंट १७.९१ मिलिमीटर, एक सेंट १९.०५, पाच सेंट २१.२१ आणि पंचवीस सेंट २४.२६. (दहा सेंटचे नाणे एका सेंटपेक्षा लहान का, हा प्रश्न इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस पहिल्या आठवड्यात विचारतो.) आपले १९ चे चार आणे म्हणूनच एका सेंटच्या नळीत गेले, २० चा नवा रुपया पाच सेंटच्या नळीत गेला आणि २२ व २३ ची सगळी नाणी पंचवीस सेंटच्या नळीत जमली. २५ चे नाणे त्या भोकात जेमतेम पाऊण मिलिमीटरने मावत नाही, म्हणून दांडी अडकते. जोर लावू नका. आतले दाते प्लॅस्टिकचे असतात.

इथे हे यंत्र चालते, कारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे पंचवीस सेंटचे नाणे आणि आजचे नाणे एकाच भोकातून पडतात. नळी भरली की चाळीस नाणी कागदी वेष्टनात सरकवायची, दहा डॉलरची सुरळी तयार. माझ्या मुलाला हे काम खेळासारखे वाटते. भारतात सुट्टीवर आल्यावर त्याने आजोबांच्या गल्ल्यावर तोच प्रयोग करून पाहिला आणि आपल्यासारखाच हिरमुसला.

लाकूडकाम

रोखपाल साहेबांनी दिलेली मापे मी कॅलिपरने तपासली, ती जुळतात. गेल्या दिवाळीत मी याच कामासाठी एकावर एक बसणाऱ्या पाच चाळण्या केल्या, त्याचा अनुभव लिहितो.

पहिला संच प्लायवूडमध्ये ड्रिलने भोके पाडून केला आणि तो पूर्ण वाया गेला. भोकाच्या कडेला कुसे राहतात, त्यात नाणे तिरके अडकते. शिवाय बाजारात मिळणाऱ्या पात्यांची मापे ठरलेली असतात आणि २२ व २३ यांच्यामधले माप मला मिळाले नाही. दुसऱ्या वेळी नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात लेझरने ३ मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकमध्ये भोके कापून घेतली. वरून खाली भोके २५.५, २४, २२.५, २१ आणि १९.५ मिलिमीटर अशी ठेवावीत. मग सर्वांत वर २६ आणि २७ ची नाणी राहतात, त्याखाली अनुक्रमे २५, २३, २२ आणि २० ची, आणि तळाच्या ताटात १९ ची. लेझर स्वतःही थोडे साहित्य जाळतो, त्यामुळे भोक सांगितल्यापेक्षा किंचित मोठे होते. माझे २२.५ चे भोक २२.७ निघाले आणि तरीही चालले, पण त्याहून सैल झाले असते तर घासलेले पाच रुपये खाली गळू लागले असते. म्हणून आधी एक तुकडा कापून त्यातून नाणी टाकून पाहावीत आणि मगच पूर्ण पत्रा कापायला सांगावे.

वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीठ चाळताना आपण चाळण वरखाली आपटतो, तसे इथे केले तर नाणी उडून कडेवर उभी राहतात आणि भोकात पाचरीसारखी बसतात. चाळण्या टेबलावर सपाट ठेवून सुपासारख्या डावी-उजवीकडे हलवाव्यात. एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त नाणी टाकू नयेत. नाणी आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावीत, विशेषतः लोणच्याच्या बरणीतली. अकरा कोनांचे जुने दोन रुपये आधीच हाताने वेचून काढावेत, ते प्रत्येक चाळणीला त्रास देतात.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. चाळण्या करून घेण्याइतके काम पुढे राहणार नाही, म्हणून मी मधला मार्ग काढला. पुठ्ठ्यावर पाच वर्तुळे कापून मोजपट्टी केली, मोठी नाणी हाताने बाजूला केली आणि लहान नाण्यांपुरते दिरांचे यंत्र वापरले. २० चा रुपया ते अचूक वेगळा करते. मग मी आणि मुलगी दोन संध्याकाळी रुपयाचे चिन्ह शोधत बसलो. २५ च्या ढिगात ही युक्ती इतकी उपयोगी पडली की मुलगी शेवटी न पाहता, नुसत्या अंगठ्याने नाणी वेगळी करू लागली आणि तीही बरोबर.

हिशेब असा: वीसाची ३, दहाची ७१, पाचाची २४३, दोनाची ४८६, रुपयाची ८१२ आणि आठ आण्यांची ६४ नाणी, एकूण ३,८०१ रुपये. पाच आणि दोनाच्या प्रत्येकी दोन पिशव्या कोपऱ्यावरच्या दुकानदारांनी तिथल्या तिथे घेतल्या. आठ आणे मात्र त्यांनी हसून परत केले. उरलेली नाणी पिशव्या करून मंगळवारी दुपारी बँकेत नेली. तिथे प्रथम नकार मिळाला, पण प्रत्येक पिशवीवर आकडा लिहिलेला पाहून त्यांनी दोन पिशव्या उघडून मोजल्या आणि बाकीच्या आठ आण्यांसकट भरून घेतल्या.

काही नाणी मात्र भरली नाहीत. रुपयांच्या ढिगात १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया निघाला, आणि अकरा कोनांच्या दोन रुपयांत त्याच वर्षीचे शिवाजी महाराजांचे तीन व २००२ चा संत तुकारामांचा एक. हे चार दोन-रुपये आणि तो रुपया वरच्या हिशेबात धरलेले आहेत, म्हणून दुकानदारांना दिलेली रक्कम वजा केल्यावरही बँकेच्या पावतीत नऊ रुपये कमी दिसतात. ती पाच नाणी आणि सगळे चार आणे पुन्हा त्याच पितळी डब्यात ठेवले आहेत. डबा आता हलवला की आवाज निराळा येतो.